कोंबड्यांचे पादरोग
कोंबड्यांचे पादरोग : कोंबडीच्या घोट्यापासून (व्यवहारात यालाच चुकीने गुडघा म्हटले जाते) खालचा, खवल्यांनी आच्छादलेला भाग, बोटे व तळवे यांना होणारे रोग. यांत तळव्यास गाठ येऊन पू होणे हा सर्वांत महत्त्वाचा रोग असून ओल्या गादीमुळे तळव्यास पडणारी क्षते, माइट या सूक्ष्म परजीवीमुळे होणारी पायांची लूत आणि अन्य सार्वदेहिक रोगांची पायावर दिसणारी लक्षणे यांचाही समावेश होतो. पायाच्या रोगाने कोंबडी क्वचितच एकाएकी मरते. तथापि तिचे हिंडणे, उकरणे व चरणे थांबते, वजन घटते, अंडी कमी होतात आणि दुर्लक्ष झाल्यास जंतुसंसर्ग हाडे व सांधे यांपर्यंत पोहोचून ती कायमची अधू होते.

मोठ्या व्यापारी केंद्रांत एखाद्या कोंबडीचा आजार हा कळपाच्या हिशोबात मोजला जातो. परसातील चार-सहा कोंबड्यांच्या बाबतीत तसे नसते. अशी कोंबडी ही बहुधा घरातील स्त्रीच्या हातची मिळकत असते व एक कोंबडी लंगडी होणे म्हणजे त्या मिळकतीचा ठळक हिस्सा जाणे होय. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील सु. ८५·१८ कोटी पाळीव पक्ष्यांपैकी सु. ३१·७० कोटी पक्षी परसात पाळलेले होते. यामुळे पायाच्या रोगांची घरच्या घरी ओळख, त्यांवर करता येण्याजोगे उपचार आणि कोणत्या टप्प्यावर पशुवैद्याची मदत अपरिहार्य ठरते याचे ज्ञान उपयुक्त आहे.

पायाची रचना : कोंबडी तळपाय टेकून नव्हे, तर बोटांवर चालते. बहुतेक जातींमध्ये तीन बोटे पुढे व एक मागे अशी चार बोटे असतात. डॉर्किंग, सिल्की इ. जातींत पाच बोटे आढळतात. नळीवर व बोटांच्या वरच्या बाजूस शृंगी (शिंगाच्या द्रव्यासारखे कठीण) खवले असतात. बोटे जेथे एकत्र येतात तेथे खालच्या बाजूस मऊ उशीसारखा मुख्य तळवा व प्रत्येक बोटाखाली लहान लहान उंचवटे असतात. उभे राहताना, उडी मारून खाली येताना व दांडीवर बसताना शरीराचा सर्व भार या उशांवर पडतो. मुख्य तळव्याच्या त्वचेखाली मेदयुक्त ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहाचा) थर असून त्याला लागूनच बोटे मिटविणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाशी जोडणारे दोर) व त्यांची आवरणे असतात. स्नायूंचे आच्छादन येथे जवळजवळ नसते. परिणामी तळव्यास झालेली बारीकशी जखमही थोड्या खोलीवर कंडरांशी व त्यानंतर हाडांशी जाऊन भिडू शकते. पुढे वर्णिलेल्या उपचारांतील सावधगिरीचे मूळ या रचनेत आहे.

तळव्याची गाठ अथवा पादतलशोथ : तळव्याच्या त्वचेस इजा होऊन तीत जंतू शिरल्याने होणाऱ्या दीर्घकालिक दाहयुक्त सुजेस ही संज्ञा देता येईल. इंग्रजीत या रोगास ‘बंबलफूट’ म्हणतात. तो कोंबड्यांप्रमाणेच बदके, टर्की, पिंजऱ्यातील शोभेचे पक्षी आणि पाळलेले शिकारी पक्षी यांनाही होतो; ससाणे पाळणाऱ्यांना तो दीर्घ काळापासून परिचित आहे. मोकळ्या रानात वावरणाऱ्या पक्ष्यांत तो तुलनेने विरळ असतो. यावरून हा रोग मुख्यतः पक्ष्याला ज्या पृष्ठभागावर उभे राहावे लागते, त्याच्याशी निगडित आहे हे दिसून येते.

कारणे : रोगाला दोन गोष्टींची आवश्यकता असते, त्वचेचा भंग आणि जंतूंचा प्रवेश. काटा, काच, तारेचे टोक, बांबूची किंवा लाकडाची सळ तळव्यात घुसणे हे भंगाचे उघड कारण होय. परंतु पुष्कळदा इजा अशी एकदम न होता हळूहळू होते. सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी, खडी किंवा जाळीचा तळ यांवर सतत उभे राहिल्याने तळव्याच्या एकाच जागी दाब पडतो. तेथील रक्तपुरवठा कमी होतो, त्वचा प्रथम गुळगुळीत व लाल होते, नंतर जाड होऊन तिचे कुरूप बनते व अखेर ती चिरते. फार उंच दांडीवरून कठीण जमिनीवर रोज उडी मारणे, दांडी फार अरुंद किंवा तीक्ष्ण कडांची असणे, वाजवीपेक्षा अधिक वजन आणि वाढलेली नखे यांमुळे हा दाब वाढतो. एक पाय दुखावला असता पक्षी सर्व भार दुसऱ्या पायावर टाकतो व त्यामुळे काही दिवसांनी निरोगी पायासही हाच रोग जडतो.

ओलावा हे तिसरे साहाय्यक कारण आहे. चिखलात किंवा विष्ठेने भिजलेल्या गादीवर वावरल्याने त्वचा मऊ पडून सहज फाटते. आहारात अ जीवनसत्त्व व बायोटीन (ब गटातील एक जीवनसत्त्व) यांची उणीव असल्यास त्वचेचे आरोग्य बिघडते. केवळ पांढरी ज्वारी किंवा तांदळाची कणी यांवर पोसलेल्या व हिरवा पाला न मिळणाऱ्या कोंबड्यांत अशी उणीव संभवते; कारण या धान्यांत अ जीवनसत्त्वाचे पूर्वगामी द्रव्य असलेले कॅरोटीन फारच कमी असते.

जखमेत आढळणाऱ्या जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुंजगोलाणू प्रमुख होय. त्याखेरीज एश्चेरिकिया कोलाय, स्यूडोमोनस, मालागोलाणू इत्यादींचाही संसर्ग होतो. द्राक्षांच्या घोसासारख्या पुंजक्यांत राहणारे हे गोलाणू ॲलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारदांना १८८० साली मानवी गळवांच्या पुवात आढळले व त्यांनीच १८८२ मध्ये त्यांस स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले; ऑरियस ही जाती रोझेनबाख या जर्मन वैज्ञानिकांनी १८८४ साली वेगळी दाखविली. हा जंतू निरोगी कोंबडीच्या व माणसाच्याही त्वचेवर निरुपद्रवीपणे राहू शकतो. कोंबड्यांत जगभर आढळणाऱ्या त्याच्या एका प्रमुख वाणाचे मूळ माणसांतील वाणात असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो माणसांतून कोंबड्यांत गेला असावा, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जननिक संशोधनातून दिसून आले. जंतू सर्वत्र असल्याने त्यांचे संपूर्ण निर्मूलन शक्य नसते. त्यांना आत शिरण्यास वाट न मिळू देणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

विकृती : माणसाच्या गळवातील पू पातळ असतो, त्यामुळे गळू फुटले किंवा फोडले की पू वाहून जाऊन आराम पडतो. कोंबडीच्या बाबतीत असे घडत नाही. सस्तन प्राण्यांच्या पुवात असणाऱ्या श्वेत पेशींमध्ये मृत ऊतक विरघळविणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) विपुल असतात. पक्ष्यांमधील तत्सम पेशींत, ज्यांना हेटेरोफिल म्हणतात, त्यांपैकी काही महत्त्वाची एंझाइमे नसतात. परिणामी पू न विरघळता घट्ट होतो व पनीर किंवा वाळलेला खरवस दिसावा तसा पिवळट, कोरडा गोळा बनतो. शरीर त्याभोवती तंतुमय ऊतकाची भिंत उभारते. या भिंतीमुळे संसर्ग काही काळ एका जागी कोंडला जातो. तथापि त्यामुळेच रक्तातून येणारे औषधही आतील जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही. गाठ दाबून पू काढण्याचा प्रयत्न का फसतो आणि केवळ प्रतिजैव औषधांनी जुनी गाठ का बरी होत नाही, याचे कारण या प्रक्रियेत आहे. दाबल्याने भिंत आतून फुटून जंतू कंडरांच्या आवरणात पसरण्याचा धोका मात्र असतो.

लक्षणे व अवस्था : पक्षी स्वभावतः दुखणे लपवितो, त्यामुळे लंगडणे दिसू लागते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी कोंबडी दाणे टाकल्यावर मागे राहते, एक पाय पोटाशी धरून उभी राहते, दांडीवर चढण्याचे टाळते किंवा दिवसा बसून राहते. सोयीसाठी रोगाच्या चार अवस्था कल्पिता येतात. (१) तळव्याची त्वचा लाल, गुळगुळीत व चकचकीत होते किंवा एका जागी जाड बनते, सूज नसते. (२) तळव्याच्या मध्यभागी काळी अथवा तपकिरी गोल खपली दिसते; सूज थोडी व मऊ असते. (३) तळवा टणक होऊन फुगतो, बोटांच्या फटींतून सूज वर दिसू लागते, हात लावला असता तो ऊन लागतो व कोंबडी स्पष्ट लंगडते. खपलीखाली घट्ट पुवाचा गोळा असतो. (४) संसर्ग कंडरा, सांधे व हाडे यांत शिरतो. घोटा सुजतो, बोटे वाकडी होतात, कोंबडी खाणे सोडते. जंतू रक्तात मिसळल्यास मृत्यू ओढवतो. पहिल्या दोन अवस्थांत रोग पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. चौथ्या अवस्थेत ती अल्प असते.

निदान : तळव्याच्या मध्यावरील काळी खपली व तिच्याभोवतीची टणक सूज यांवरून रोग सहज ओळखता येतो. हाडांपर्यंत संसर्ग गेला आहे किंवा कसे हे क्ष-किरण चित्रावरून समजते. आतील द्रव्य घेऊन जंतूंचे संवर्धन केल्यास कोणते औषध लागू पडेल हे ठरविता येते. मात्र तळवा सुजण्याची इतरही कारणे आहेत. मायकोप्लाझ्मा सायनोव्ही या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या सांध्यांच्या रोगात तळवे व घोटे दोन्ही सुजतात, परंतु खपली नसते व एकाच वेळी अनेक पक्षी लंगडतात. कोंबड्यांच्या पटकीच्या जुनाट प्रकारात तळवे, सांधे व गलूल (चोचीखाली लोंबणारे मांसल भाग) यांवर सूज येते. मूत्रपिंडाच्या विकारात सांध्यांत यूरिक अम्लाचे पांढरे खडूसारखे कण साठून गाठी होतात. मारेक रोगात एक पाय पुढे व एक मागे पसरून पक्षी पांगळा होतो, पण तळवा निर्दोष असतो. नळीवर व बोटांवर रक्तस्रावाचे लाल-जांभळे डाग, तुरा निळसर पडणे आणि अनेक पक्षी अचानक मरणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास उग्र बर्ड फ्ल्यूची शंका घ्यावी. भारतातील या रोगाची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली होती. अशा वेळी मृत पक्ष्यांना हात न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळविणे आवश्यक असते.

उपचार : पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील उपचार घरी करता येतात. उपचारापूर्वी हात धुवून रबरी हातमोजे घालावेत. कोंबडीला मऊ फडक्यात पंखांसह गुंडाळून तिचे डोके सैल झाकले असता ती शांत राहते. पक्ष्याला सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल (छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा) नसते व उरोस्थी खाली-वर हलवूनच तो श्वास घेतो. म्हणून छाती आवळली जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. अन्यथा पायाच्या उपचारात पक्षी गुदमरून दगावण्याची भीती असते.

प्रथम पाय साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवून नंतर १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात बुडवून धरतात. पाण्यात थोडे एप्सम लवण (मॅग्नेशियम सल्फेट) घालण्याची पद्धत आहे. याने खपली मऊ होते. पाय कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावतात. मऊ झालेली खपली सहज सुटत असेल तरच काढावी. ओढून काढू नये. काटा अगर सळ वर दिसत असल्यास उकळून घेतलेल्या चिमट्याने ती काढता येते. त्यावर जखमेस न चिकटणारी जाळीदार पट्टी ठेवून मऊ कापसाची गादी देतात व पट्टी बोटांच्या मधून घेऊन नळीच्या खालच्या भागावर बांधतात. गादीच्या मध्यभागी जखमेपुरते छिद्र ठेवून ती चुंबळीसारखी वळल्यास भार कडांवर जाऊन जखमेवर दाब येत नाही. डोक्यावरील घागरीचा भार जसा चुंबळ विभागून देते, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. पट्टी फार आवळल्यास बोटे सुजतात व थंड पडतात. त्यामुळे बांधल्यानंतर काही तासांनी ती पाहणे अवश्य आहे. पट्टी एक ते दोन दिवसांनी, तसेच भिजल्यास लगेच बदलावी लागते.

या काळात कोंबडी कोरड्या जागी, भाताच्या पेंढ्याच्या जाड थरावर ठेवावी व तिला दांडीवर चढू देऊ नये. दाणा-पाणी जवळ ठेवावे. उपचाराइतकेच महत्त्व या विश्रांतीला आहे; ज्या फरशीने किंवा दांडीने इजा झाली तिच्यावर पक्षी परत सोडल्यास औषध व्यर्थ जाते. आठ-दहा दिवसांत सूज उतरू न लागल्यास किंवा ती वाढत गेल्यास रोग तिसऱ्या अवस्थेकडे जात आहे असे समजून पशुवैद्यास दाखवावे.

शस्त्रक्रिया : तिसऱ्या अवस्थेत घट्ट झालेला गोळा व मृत ऊतक काढून टाकल्याखेरीज पाय बरा होत नाही. पशुवैद्य पक्ष्याला भूल देऊन किंवा तो भाग बधिर करून तळव्यास छेद घेतात, गोळा व त्याची भिंत खरवडून काढतात, पोकळी निर्जंतुक द्रावणाने धुतात व वर वर्णिल्याप्रमाणे पट्टी बांधतात. पोकळी तळापासून हळूहळू भरून यावी लागते. यास काही आठवडे व खोल जखम असल्यास काही महिने लागतात. वेदनाशामक व प्रतिजैव औषधे पक्ष्याच्या वजनानुसार देतात.

दाढीच्या पात्याने घरीच गाठ कापण्याचा प्रकार अनेक ठिकाणी आढळतो. पक्षी ओरडत नाही म्हणून त्यास दुखत नाही, हा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. कोंबडीच्या त्वचेत वेदनाग्राही तंत्रिका असून भीतीने स्तब्ध होणे हा तिच्या स्वसंरक्षणाचा भाग आहे. शिवाय गाठ व कंडरा यांमधील अंतर अत्यल्प असते, तळव्यात रक्तवाहिन्या पुष्कळ असतात आणि चुकीचा छेद गेल्यास बोट कायमचे निकामी होते. बधिरता आणणाऱ्या लिग्नोकेनासारख्या औषधांची सुरक्षित मात्रा पक्ष्यांत फार थोडी असल्याने माणसांसाठीची मलमे किंवा अंतःक्षेपणे (इंजेक्शने) अंदाजाने वापरणेही घातक ठरते. ज्या ठिकाणी पशुवैद्य उपलब्ध नाही, तेथे गाठ न कापता ती स्वच्छ व झाकलेली ठेवणे, गादी मऊ करणे व पक्ष्यास भारमुक्त ठेवणे हे अधिक हिताचे होय. काही पक्षी अशा स्थितीत थोडेसे लंगडत दीर्घ काळ जगतात व अंडीही देतात. हाडे सडलेल्या, खाणे सोडलेल्या पक्ष्यास मात्र यातना देत ठेवण्यापेक्षा पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणे उचित ठरते.

घरगुती उपायांचा विचार : हळद व तेल यांचा लेप लावण्याची रीत जुनी आहे. हळदीत सौम्य जंतुरोधक गुण असले, तरी लेप त्वचेवरच राहतो व आतील घट्ट गोळ्यापर्यंत पोहोचत नाही. उघड्या जखमेत भरलेली पूड तर साफ करणे कठीण जाते. माणसाच्या पायातील कुरुपावर बिब्ब्याचे तेल लावतात. ते कोंबडीच्या तळव्यास लावू नये, कारण त्याने त्वचा भाजून व्रण वाढतो. चुना, रॉकेल व तुरटीचे दाट द्रावण यांबाबतही हेच म्हणता येईल. हायड्रोजन पेरॉक्साइडाने जखम रोज धुतल्यास नव्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात व जखम भरण्यास विलंब लागतो.

औषधे व अंडी : कोंबडीला दिलेल्या औषधाचा काही अंश अंड्यात व मांसात उतरतो. म्हणून औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस अंडी खाऊ अगर विकू नयेत. हा काळ प्रत्येक औषधाला वेगळा असून तो पशुवैद्याकडून समजून घ्यावा लागतो. नायट्रोफ्युरान गटातील औषधे व क्लोरँफिनिकॉल यांचा खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापर करण्यास भारतात बंदी आहे. कॉलिस्टिन या प्रतिजैव औषधावर अशीच बंदी जुलै २०१९ मध्ये घालण्यात आली, कारण माणसांतील अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर ते अखेरच्या उपायांपैकी एक मानले जाते. उरलेल्या गोळ्यांची पूड करून पाण्यात टाकणे, दोन दिवसांनी ती बंद करणे यांसारख्या प्रकारांनी औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होतात व तेच जंतू पाळणाऱ्या कुटुंबातही शिरू शकतात.

ओल्या गादीने होणारा तळव्याचा दाह : मांसासाठी वाढविलेल्या जलद वाढणाऱ्या पिलांत व टर्कींत हा प्रकार विशेष आढळतो. ओल्या, विष्ठामिश्रित गादीतील अमोनियाच्या संपर्काने तळव्याची त्वचा तपकिरी होते, सोलते व तेथे उथळ क्षते पडतात. गादीतील ओलाव्याचे प्रमाण सु. ३० टक्क्यांच्या वर गेल्यास धोका वाढतो. क्षते दोन्ही पायांवर व कळपातील अनेक पक्ष्यांत एकाच वेळी दिसतात, हा तळव्याच्या गाठीपासूनचा फरक होय. गादी बदलून ती कोरडी केल्यास सुरुवातीची क्षते आपोआप भरून येतात. काही यूरोपीय देशांत कत्तलखान्यात आलेल्या पक्ष्यांच्या तळव्यांची पाहणी करून पालनगृहाच्या व्यवस्थेचे मूल्यमापन केले जाते; तळवा हा जणू गादीचा आरसाच असतो.

पायांची लूत : हा रोग निमिडोकॉप्टिस म्यूटन्स या माइटामुळे होतो. आठ पायांचा हा गोलसर परजीवी अर्ध्या मिमी.पेक्षा लहान असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो नळीवरील व बोटांवरील खवल्यांखाली बोगदे करून राहतो व त्याचे सर्व जीवनचक्र पक्ष्याच्या अंगावरच पूर्ण होते. खवले प्रथम किंचित उचलले जातात, नंतर त्यांच्याखाली पांढरट, खडूसारखा भुगा साचून पाय जाड व ओबडधोबड दिसतात. रोग हळूहळू पसरतो व वयस्क कोंबड्यांत अधिक आढळतो. उपेक्षा केल्यास बोटे वाकतात व झडूही शकतात. उपचारासाठी पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या मऊ ब्रशाने सुटे कवच काढतात व वाळल्यावर खोबरेल किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर देतात. यामुळे माइट गुदमरून मरतात. हा क्रम दर दोन-तीन दिवसांनी याप्रमाणे तीन ते चार आठवडे चालू ठेवावा लागतो. खवले जबरीने उपटल्यास रक्त येते व त्या जागी जंतुसंसर्ग होतो. एकाच पक्ष्यास लागण दिसली, तरी खुराड्यातील सर्व पक्ष्यांवर उपचार करणे व दांड्या घासून स्वच्छ करणे जरूर असते. आयव्हरमेक्टीन हे औषध प्रभावी आहे. परंतु ते अंड्यांत उतरत असल्याने पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावे. विकृत झालेले खवले पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात.

इतर विकार : पायात अडकलेला दोरा, पतंगाचा मांजा किंवा माणसाचे लांब केस बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा बंद पडतो व बोट काळे पडून गळते. विकत आणलेली कोंबडी नव्या घरी रुळेपर्यंत तिच्या पायाला दोरी बांधून ठेवतात. ती दोरी बारीक सुतळीची असल्यास खवल्यांखाली रुतते व तेथे जखम होते. रुंद, मऊ कापडी पट्टी वापरल्यास किंवा कोंबडी काही दिवस डालून ठेवल्यास हे टळते. बाजारात नेताना अनेक कोंबड्या पायांना बांधून उलट्या लटकावल्यानेही सांधे व कंडरा दुखावतात. प्राण्यांची अशी वेदनादायक ने-आण १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा ठरते. देवी रोगाचे खरखरीत फोड तुऱ्याप्रमाणे पायांवरही येतात. ते विषाणुजन्य असल्याने त्यांवर जंतुनाशक लावून केवळ दुय्यम संसर्ग टाळता येतो. देवीसाठी प्रतिबंधक लस उपलब्ध आहे.

प्रतिबंध : पायाच्या बहुतेक रोगांचे मूळ खुराड्याच्या रचनेत असते. यूरोपीय संघाने अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले व प्रत्येक कोंबडीस किमान १५ सेंमी. लांबीची दांडी देणे बंधनकारक केले. दांडीमुळे पक्ष्याची नैसर्गिक गरज भागते; तथापि दांडीचा आकार चुकल्यास तळव्याच्या गाठी वाढतात, असेही या संदर्भातील संशोधनात दिसून आले. याचा अर्थ दांडी टाळावी असा नसून ती योग्य असावी असा आहे. दांडी ४ ते ५ सेंमी. रुंद, कडा गोलसर केलेली व सळी नसलेली असावी. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार सुधारित जातींसाठी ती जमिनीपासून सु. ४५ सेंमी.हून उंच नसावी. दांडीखालील जागेवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले यांचा निदान ५ ते ८ सेंमी. जाडीचा कोरडा थर पसरावा, म्हणजे उडी मारताना पायास हिसका बसत नाही. गादी अधूनमधून खालीवर करावी व पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी लगेच काढून टाकावी. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात खुराड्याचा तळ जमिनीपासून उंच ठेवणे व समोर मुरुमाऐवजी वाळू पसरणे उपयुक्त असते. आवारातील तारांचे तुकडे, काचा व खिळे वेचून काढावेत.

आहारात पिवळा मका, शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी इ. दिल्यास अ जीवनसत्त्वाची गरज भागते. अंडी देण्याचे थांबलेल्या कोंबड्यांना केवळ धान्य भरपूर देत राहिल्यास त्या स्थूल होतात व तळव्यावरील भार वाढतो.

सर्वांत सोपा व खर्च नसलेला उपाय म्हणजे पाहणी. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की त्या सहज हाती येतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडीचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिल्यास लाल झालेली त्वचा किंवा नुकती धरलेली खपली नजरेतून सुटत नाही. त्या अवस्थेत मऊ पेंढा, स्वच्छता व काही दिवसांची पट्टी एवढ्याने पाय वाचतो. महिनाभराने त्याच पायास शस्त्रक्रिया लागते.

मानवी आरोग्य : तळव्याच्या गाठीतील जंतू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून गळू उत्पन्न करू शकतात. म्हणून हातमोजे वापरणे, काढलेल्या पट्ट्या जाळणे किंवा खोल पुरणे व उपचारानंतर हात साबणाने धुणे आवश्यक असते. उपचाराची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियसाची काही वाणे अन्नात वाढून विषे निर्माण करतात व ती शिजविल्यानेही नष्ट होत नाहीत. यास्तव गाठ असलेले पाय खाण्यास वापरू नयेत आणि ताप, अशक्तता किंवा अनेक सांध्यांची सूज असलेल्या कोंबडीचे मांस पूर्णतः वर्ज्य करावे.